जराशी

सोहारच्या रिफायनरीत माझं काम थरथर मारायचं.
काटा डगमगला की मला फोन.
चौदा वर्षं मी काटे गप्प करतो
आणि शुक्रवारी पहाटे, रुस्ताकच्याही पुढे,
वादीतल्या तिसऱ्या डोहावर
एक काटा हलवायला शिकतो.

काठी ओकुमुराची.
खारं पाणी गोडं करायच्या प्लांटवर होता.
करार संपला तेव्हा कुकर दिला सुदानी शेजाऱ्याला,
गादी वॉचमनला, आणि ही मला.
चाक नाही, रीळ नाही,
एकात एक मिटणाऱ्या नळ्या, शेंड्याला दोरा,
दोऱ्याला कोंबड्याच्या पिसाची माशी
जी बुडत नाही.

आमच्यात मासा आणि माशी एकाच घरची वाटतात,
हे त्याला एकदा समजावलं होतं.
तो म्हणाला, मग ओळख करून द्यायला
मी एवढा का खपतो?

"आता हलव."
मी हलवली.
डोहातलं झाडून सगळं कण्हेरीच्या मुळांत पळालं.
"एवढी नाही."

गरवणं म्हणजे आमच्याकडे हिसका.
दिगू, माझा थोरला, आचऱ्याच्या खाडीवर
कोळंबीचा तुकडा लावून बसायचा
आणि असा ओढायचा की
मासा पाण्यातून सुटून थेट माझ्या मांडीवर.
आम्ही भाऊ बोलायचोही तसंच.
शेवटचं बोललो तेही तसंच,
होडी विकली त्यावरून,
दोन वर्षं झाली.

तर, मनगट नाही. कोपर तर नाहीच.
दोरा हवेत, पाण्याला टेकलेली फक्त माशी.
मूठ आवळायची, तीसुद्धा
झोपलेल्या पोराचं बोट धरल्यागत,
आणि सोडायची.
एवढ्यानं तिकडे बारा फुटांवर
पिसाचे केस शहारतात,
निवळीच्या पायाखाली उठतं त्याहून
लहान वर्तुळ उठतं.
मग थांबायचं.
हे थांबणं मला जमत नाही.
हललं की मासा बघतो, थांबलं की येतो,
ओकुमुरा सांगायचा, आणि स्वतः
विमानतळावर एकदाही मागे न बघता गेला.

वरच्या खडकावर हमूद, शेळ्यांसकट.
पहिल्या शुक्रवारी त्यानं जाहीर केलं होतं,
"मेलीय तुझी माशी."
त्याचं अरबी मला जेवढं कळतं तेवढ्यात
हे नेमकं कळलं.
आज बराच वेळ बघून म्हणाला,
"झोपलीय."
ही मी बढती धरतो.

ऊन डोहाच्या काठापर्यंत आलं.
एक चतुर काठीच्या शेंड्यावर बसला,
त्याचं वजन माझ्या तळहाताला कळलं.
मी काही केलं नाही.
तो उडाला, आणि तेवढ्याच धक्क्यानं
माशी अंगठ्याभर सरकली,
जराशी,
जशी मला कधीच सरकवता आली नव्हती.
खालून एक सावली वर आली.
बोटाएवढा मासा, पण पूर्ण मासा.
नाक लावलं.
तोंड उघडायचं की नाही ठरवत
तिथेच उभा राहिला,
आणि मीही.
मग शेपटी वळली.

परतीच्या वाटेवर पेट्रोलपंपाशी रेंज येते.
दिगूचं नाव खूप खाली गेलेलं असतं,
बँक, जिम, बचत योजना, सगळ्यांच्या खाली.
उघडलं. 'दि' लिहिलं.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.
पाठवायचं काहीच नव्हतं.

त्याच्या नावाखाली 'ऑनलाइन' उमटलं.
मी अंगठा उचलून धरला.
मग 'लिहितोय', मग काही नाही,
मग 'लिहितोय'.

पंपवाल्यानं काचेवर टकटक केली.
फुल?
मी मान हलवली,
त्याला कळेल
एवढीच.